रिकाम्या तळहातावरची पूजा

बेलाची पानं पुरेनाशी झाली तेव्हा जगदेवीला वाटलं, आपलाच हात आखडला असणार. नवऱ्याला, शिवशरणला, बाजारातून धरून नेल्यापासून तिचं कशातच चित्त नव्हतं. आमटीत मीठ एकतर दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. पण बेल मात्र ती चुकू देत नव्हती. लग्न होऊन या घराचा उंबरा ओलांडला तेव्हापासूनचा तिचा नेम होता. अंघोळ करून ओल्या केसांनीच गोठ्यामागच्या बेलापाशी जायचं, किडकं-फाटकं वगळून तीन दळांचं शाबूत पान तेवढं खुडायचं, धुवायचं आणि घरातल्या प्रत्येकाच्या पूजेच्या तबकात वाढायचं. आधी सासरे शंकरप्पांचं तबक, मग थोरले दीर महांतप्पांचं, मग जाऊबाई प्रेमाबाई, पुतणी मादेवी, शिवशरण, आणि शेवटी तिचं स्वतःचं. गळ्यातल्या डबीतून लिंग काढून ज्यानं त्यानं आपल्या डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी घालायचं, बेल वाहायचा. त्याआधी या लिंगायत घरात कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. तान्ह्या लेकराला तेवढी माफी.

आता एक तबक फळीवर पालथं पडलेलं होतं. म्हणजे खरं तर पानं उरायला हवी होती.

"जगदेवी, अजून थोडी पानं हायती का?" आजही महांतप्पांनी देवघरातून हाक दिली.

"आणते, भावजी."

दार अर्धं लोटलेलं होतं. महांतप्पांनी पाठ तशीच ठेवून हात मागं केला आणि पानं घेतली. हल्ली त्यांची पूजा फार लांबायची. जाऊबाई म्हणायच्या, भावासाठी शिवाला साकडं घालत असतील. जगदेवीलाही तसंच वाटे, आणि म्हणूनच कोडं पडे. भावासाठी इतका वेळ देवापुढं बसणारा हा माणूस अपिलाचं नाव काढलं की उसळायचा. "पोरानं गुन्हा कबूल केलाय न्हवं? मग झालं तर! वर्ष काय, बघता बघता सरतंय. घराची लक्तरं पुन्हा कोर्टाच्या खुंटीला कशाला टांगायची?"

आणि आज तर वकीलच घरी यायचे होते.

*

सगळं त्या पांढऱ्या बैलापासून सुरू झालं होतं. दिवाळीनंतर जोडीतला एक बैल पोट फुगून गेला. उरलेला एकटा दावणीला मान टाकून उभा राहायचा. त्याला जोड बघायला म्हणून शिवशरण बाजाराला गेला आणि एक देखणा, लांब शिंगांचा बैल घेऊन आला. सौदा रिवाजाप्रमाणं रुमालाखाली झालेला. दलालानं दोघांचे हात उपरण्याखाली झाकले, बोटं दाबून भाव सांगितला, बोटं दाबून घासाघीस झाली. भाव कुणाला दिसला नाही आणि विकणारा कोण, हेही कुणी पाहून ठेवलं नाही. पुढच्या एका बाजारात बैलाच्या खऱ्या मालकानं कानावरच्या खुणेवरून जनावर ओळखलं. विकणारा कधीच पसार झालेला. दलालानं कानांवर हात ठेवले. पोलिसांनी बैल नेला आणि बैलामागं शिवशरणलाही नेलं. चोरीचा आहे हे ठाऊक असून घेतला, असा आरोप.

कोर्टात उभं केलं तेव्हा साऱ्यांना वाटलं होतं, शिवशरण मान वर करून सांगेल, मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "व्हय, कबूल हाय."

वर्षाची सजा झाली.

शंकरप्पांनी ते ऐकलं आणि काठी भिंतीला टेकवून ओसरीवर बसले. "माझा शिवशरण खोटं बोलत न्हाय," एवढंच म्हणाले. "त्यो व्हय म्हणला, म्हंजी व्हय."

त्या दिवसापासून त्यांनी धाकट्या लेकाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. धाराशिवच्या जेलात त्याला भेटायला जाणं तर लांबच.

जगदेवी मात्र गेली होती, माहेरच्या भावाला, सिदूला, सोबत घेऊन. गजांपलीकडं शिवशरण आला तेव्हा तिला आधी ओळखूच आला नाही. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पण तिची नजर अडकली ती त्याच्या डाव्या हातावर. तळहात वर करून, बोटं किंचित मिटून, पाण्यानं भरलेली वाटी धरावी तसा तो हात त्यानं छातीशी धरला होता. हात रिकामा होता.

"हाताला लागलंय का?" तिनं विचारलं.

तो हसला नाही, रडलाही नाही. खाली बघून म्हणाला, "लिंग काढून घेतलं गं माझं. पहिल्याच दिशी. गळ्यात दोरा चालत न्हाय म्हणले. सजा लागेस्तोवर पाण्याचा थेंब बी घेतला न्हाय. आता ह्या रिकाम्या तळव्यावरच पूजा करतो. हाय असं समजून. मग दोन घास गिळतो." आणि मग घाईघाईनं, "कुणाला बोलू नको. आप्पांच्या कानावर तर न्हायच. शपथ हाय."

तिनं शपथ पाळली होती. कारण शंकरप्पा काय म्हणतील ते तिला पाठ होतं. घरात कुणी डबीचा दोरा विरलेला दिसला की ते म्हणायचे, "अंगावरचं लिंग अंगावेगळं झालं, तर त्या माणसाच्या हातचं पाणी म्या पिणार न्हाय. मग त्यो पोटचा का असंना."

जेलातून नवरा वर्षानं तरी परत आला असता. आप्पांच्या मनातून गेला, तर कुठल्या कोर्टात अपील करायचं?

*

जैनोद्दीन वकील सकाळच्या एसटीनं कळंबला उतरले आणि तिथून बैलगाडीनं आले. काळा कोट गाडीत धुळीनं खराब होऊ नये म्हणून काढून मांडीवर घेतलेला. त्यांचे वडील बाबामियाँ आणि शंकरप्पा एकेकाळी एकाच बाजारात शेजारी शेजारी बसत. त्यामुळं वकील आले तरी घरात पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

"शरणार्थ, शंकरप्पा. गुडघे काय म्हणतात?"

"म्हणत्यात, बस म्हाताऱ्या आता. या, या वकीलसाब. वाटेत लई हाल झाले असतील."

"हाल कसले? गाडीवान सारी वाट मला त्याच्या सासुरवाडीचा दावा समजावून सांगत होता. फुकटात. उतरताना म्हणतो, साहेब, आता तुम्हीच निकाल द्या."

शंकरप्पांच्या मिशीखाली हसू हललं. घरात कितीतरी दिवसांत ते हललं नव्हतं.

दोन्ही जावा माजघराच्या दाराआड उभ्या राहिल्या. या घरच्या रीतीनं सासऱ्यांपुढं सुना ओसरीवर यायच्या नाहीत. बोलायचं झालं तर दाराआडून, तेही जाऊबाईंनी. प्रेमाबाईंनी जगदेवीचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

"हे बघ," त्या कुजबुजल्या, "आज काय बी बोलू नको. परंड्याचे पाव्हणे मादेवीला बघून गेलेत. होकार आता येईल, मग येईल. त्यात कोर्टाचं नवं झेंगट निघालं तर माझी पोर घरात बसंल."

"अक्का, वर्षभर त्येंनी..."

"वर्षभर तुझा नवरा आत. आन् जन्मभर माझी लेक? तू आई झालीस म्हंजी कळंल." बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली. जगदेवीच्या ओटीत अजून मूल नव्हतं. मनगटावरचा हात सैल झाला, पण सुटला नाही. उलट त्या अंगठ्यानं तिचं मनगट हळूहळू चोळत राहिल्या, माफी मागितल्यासारखं.

ओसरीवर वकील सांगत होते, "खरं बोलतो, रागावू नका. कबुलीवर शिक्षा झाली की कायदा अपिलाचं दार लावून घेतो. आरोपी स्वतःच व्हय म्हणाला, मग वरच्या कोर्टानं काय तपासायचं? फार तर एवढंच म्हणता येतं, की साहेब, गुन्हा लहान, सजा जास्त आहे, थोडी कमी करा."

"कमी करून मागू नका," शंकरप्पा म्हणाले. "केलं असंल त्यानं तर भोगू द्या पुरतं."

"केलं असेल तर." वकिलांनी चष्मा काढून पुसला. "पण दुसरी एक फट राहते. कबुली मनापासूनची, आपखुशीची पाहिजे. कुणी भुलवलं, कुणी धाक घातला, माणूस शुद्धीत नव्हता, असं काही असेल, तर ती कबुली कबुलीच नव्हे. मग सेशन्स कोर्टाला म्हणता येतं, ही सजा मोडा आणि खटला पहिल्यापासून चालवा. मी जेलात जाऊन शिवशरणला विचारलं. का कबूल झालास? तो नुसता जमिनीकडं बघत बसतो. मी इतकी वर्षं वकिली केली, उर्दूत केली, आता मराठीत करतो. मुका अशील कुठल्याच भाषेत चालत नाही. मुदत संपत आलीय. म्हणून इथं आलो. घरात कुणाला काही ठाऊक आहे?"

गोठ्यातल्या एकट्या बैलाची घंटा तेवढी वाजली.

"कुणाला काय ठाऊक असणार?" महांतप्पा म्हणाले. आवाज उगाच मोठा होता. "लाजंनं कबूल झाला असंल. वकीलसाब, जेवून घ्या, आन् ह्यो इषय हितंच ऱ्हाऊ द्या."

दाराच्या फटीतून जगदेवीला महांतप्पा दिसत होते. बोलता बोलता त्यांचा उजवा हात अंगरख्याच्या आत गेला आणि छातीवरच्या डबीवर विसावला. मग हात थोडा सरकला आणि पुन्हा विसावला. जणू तिथं एकाऐवजी दोन जागी काही धरायचं होतं.

बेलाची पानं. लांबलेली पूजा. पाठ फिरवून मागं केलेला हात.

जगदेवीनं तोंड जाऊबाईंच्या कानाशी नेलं.

"अक्का," ती जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भावजींच्या गळ्यात दोन हायती का?"

प्रेमाबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तिला ओढतच चुलीपाशी नेलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. बेलानं."

प्रेमाबाई मटकन पाटावर बसल्या. भाकरीचं पीठ परातीत वाळायला लागलं होतं. त्यांनी उगाच त्यात बोटं घातली. "म्या एकदा धुणं द्यायला गेले तवा बघितलं. विचारलं, तर हात जोडले माझ्यापुढं. नवऱ्यानं बायकूपुढं हात जोडले गं! म्हणले, कुणाला सांगू नको. ठाण्यात त्याच्या अंगावरच्या वस्तू ह्येंच्या हाती दिल्या, त्यात ती डबी व्हती. दुसऱ्याचं लिंग अंगावर घालत न्हाईत, ह्ये त्येंना का ठाऊक न्हाय? पण म्हणले, पेटीत टाकू? भिंतीला टांगू? माझ्या भावाचं लिंग उपाशी ठिवू व्हय?"

जगदेवीला रडू फुटलं. इतके दिवस तिला वाटत होतं, त्या रिकाम्या तळव्याचं दुःख या घरात आपण एकटीच वाहतोय. आणि तिकडं रोज सकाळी, तिनंच खुडलेल्या पानांनी, तिच्या नवऱ्याच्या लिंगाची पूजा होत होती. तबक पालथं होतं, पण पूजा खंडली नव्हती.

"अक्का, त्येंनी मला जेलात सांगितलंय. लिंग काढून घेतलं म्हणून. पण म्या डोळ्यांनी काय बघितलं? वकीलसाब म्हणतील, ऐकीव हाय. भावजींनी बघितलंय. त्येंनीच सांगाया पायजे."

प्रेमाबाई चुलीकडं वळल्या. जाळ खाली बसला होता. त्यांनी फुंकणीनं फुंकलं, धूर डोळ्यांत गेला, पदरानं डोळे पुसले.

"परंड्याचे पाव्हणे," त्या पुटपुटल्या. मग एकदम पीठ झटकून उठल्या. "जाऊ दे तिकडं! भावाचं लिंग भाऊ जिवापल्याड जपतो, असल्या घरची पोर ज्यांना नगं असंल, त्येंच्या घरात म्या तरी कशाला देऊ? चल. तू बोल. म्या तुझ्या मागं उभी हाय."

*

वकिलांचं जेवण आटोपलं होतं. शंकरप्पांनी सांगून ठेवल्याप्रमाणं मादेवीनं कोठीच्या खोलीत धुतलेली सतरंजी अंथरली होती आणि वकील दुपारची नमाज पढून नुकते ओसरीवर येऊन टेकले होते. सुपारी कातरत होते. जगदेवीनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि उंबरा ओलांडला.

शंकरप्पांनी मान वर केली. सून समोर आलेली पाहून ते आधी गोंधळले, मग त्यांनी नजर खाली वळवली, तिला संकोच नको म्हणून.

"आप्पा," तिचा आवाज इतका बारीक होता की वकिलांनी अडकित्ता थांबवला. "त्येंनी शपथ घातली व्हती. ती आज मोडते. पाप माझ्या माथी."

"बोल," शंकरप्पा म्हणाले.

"ठाण्यात त्येंच्या गळ्यातलं लिंग काढून घेतलं. सजा लागेस्तोवर मग त्येंनी अन्नपाणी घेतलं न्हाय. कोर्टात उभं केलं तवा बी त्ये तसंच व्हते."

शंकरप्पांच्या हातातली काठी घसरली आणि फरशीवर पडली. ती कुणी उचलली नाही.

"जगदेवी!" महांतप्पा उठले. "आत जा तू."

"जाते, भावजी. पण तुमी बोला. मला त्येंनी सांगितलं तेवढंच म्या बोलले. पुढचं तुमचं हाय."

महांतप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग तिच्यामागं, दारात, डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडं त्यांची नजर गेली. प्रेमाबाईंनी मान हलवली. अगदी थोडी. बोला.

धिप्पाड माणूस होता महांतप्पा, पोत्यांची थप्पी लावणारा. तो बापाच्या पायाशी लेकरासारखा बसला.

"आप्पा, कोर्टात न्यायच्या सकाळी मला ठाण्यावर बोलावलं व्हतं. हवालदारानं शिवशरणचं पागोटं, करदोटा आन् डबी माझ्या हातात दिली. म्या म्हणलं, साहेब, एवढी डबी असू द्या त्याला. त्यो म्हणला, आत दोरा चालत न्हाय, कुणी गळ्याला फास लावून घेतला तर आमच्या नोकऱ्या जात्यात. वाईट माणूस नव्हता त्यो. त्यानं पाणी बी दिलं व्हतं, मडकं भरून. शिवशरणच्या म्होरं व्हतं मडकं. पण शिवला न्हाय. ओठ फुटलेले, आप्पा. जीभ आत चिकटलेली. बोलला तर घशातनं निस्ता वारा यायचा. आन् म्या... मला बघवंना. तिथं एक जण उभा व्हता, त्यो म्हणला, कबूल केलं की दंडावर सुटतंय, दुपारच्याला घरी. म्या गजाला धरून म्हणलं, तम्मा, माझ्या धाकट्या, व्हय म्हण. एकदा व्हय म्हण आन् घरी चल. पूजा कर. पाणी पी."

महांतप्पा थांबले. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

"त्यो म्हणला, अण्णा, मला ठावं नव्हतं बैल चोरीचा. म्या म्हणलं, मला का म्हाईत न्हाय व्हय रं? तरी पर व्हय म्हण. थोरला भाऊ हाय म्या. माझं ऐकलं त्यानं. जन्मात पयल्यांदा खोटं बोलला, आन् ते म्या बोलायला लावलं. दंड न्हाय, काय न्हाय. वर्षाची सजा. म्हणून म्या अपील नको नको म्हणत व्हतो. तुमच्या भ्यानं, आप्पा."

जैनोद्दीन वकिलांनी सुपारी तबकात ठेवून दिली. दौत-टाक शेजारीच होते, पण त्यांनी अजून टाक बुडवला नव्हता.

शंकरप्पा भिंतीकडं बघत होते. म्हणाले, "म्हंजी पाण्यासाठी खोटं बोलला माझा लेक."

"न्हाय, आप्पा." जगदेवी आत गेली नव्हती. तिला स्वतःचाच आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला. "पाणी तर म्होरं व्हतं. मडकं भरून. पाण्यासाठी असतं तर तवाच प्याले असते. लिंगासाठी बोलले."

ओसरीवर ऊन सरकत शंकरप्पांच्या पायांपर्यंत आलं होतं. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.

"काढ," ते महांतप्पांना म्हणाले.

महांतप्पांनी अंगरख्याची बंदं सोडली. छातीवर दोन चांदीच्या डब्या होत्या. एक त्यांची स्वतःची, जुनी, कडा झिजलेली. दुसरी शिवशरणची, लग्नात जगदेवीच्या माहेरून आलेली. दोन्ही सारख्याच लखलखत होत्या.

"पूजा?"

"एक दिवस चुकली न्हाय, आप्पा. आधी त्याची, मग माझी."

"दुसऱ्याचं लिंग अंगावर घालत न्हाईत, म्हाईत हाय तुला?"

"हाय."

शंकरप्पांनी हात पुढं केला. मारतात की काय, असं क्षणभर जगदेवीला वाटलं. त्यांनी थोरल्या लेकाच्या छातीवर, दोन्ही डब्यांवर मिळून, आपला सुरकुतलेला पंजा ठेवला आणि तो तसाच राहू दिला. महांतप्पांचे खांदे हलायला लागले.

"गप. गप आता," शंकरप्पा म्हणाले. "एका आईच्या पोटचे तुमी. ह्या अंगावर काय आन् त्या अंगावर काय." मग वकिलांकडं न बघता, "लिहा, वकीलसाब. ह्यो सांगंल ते समदं लिहा. माझ्या लेकाचं लिंग काढलं व्हतं, ह्ये बी लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."

"लिहितो," वकील हळूच म्हणाले. "शंकरप्पा, मला हे कोर्टाला समजावून सांगावं लागेल. साहेब विचारतील, तहान लागली होती तर पाणी का नाही प्याला? आमच्यात रोजाचा माणूस मडक्यापाशी बसून सूर्य बुडायची वाट बघतो. मी सांगेन, साहेब, ह्या माणसाचा सूर्य त्याच्या गळ्यातून काढून नेला होता. हो म्हणाला ती त्याची जीभ होती. मन नव्हतं. मोडेल का सजा, ते शिव जाणे. पण आता माझ्याकडं सांगायला काही आहे."

"उद्या मला धाराशिवला न्या," शंकरप्पा म्हणाले.

"गुडघे..." महांतप्पा बोलायला गेले.

"गुडघ्याला विचारून जाणार हाय का म्या?"

बाकी ते काही बोलले नाहीत. लेकाला पदरात घेतला की त्याला सुनावायला निघालेत, हे जगदेवीला कळेना. त्या हातचं पाणी पिणार नाही, हे शब्द त्यांनी मागं घेतले नव्हते.

*

धाराशिवच्या जेलात वकिलांनी आधीच अर्ज देऊन परवानगी काढली. जेलर मध्यम वयाचा, कामाच्या रगाड्यात दबलेला माणूस होता. त्यानं डबी उघडून पाहिली, मिटली, दोरा बोटानं उचलून बाजूला धरला.

"हा दोरा देता येणार नाही. नियम आहे."

"दोरा ऱ्हाऊ द्या," शंकरप्पा म्हणाले. "लिंगाला दोरा लागत न्हाय. तळहात लागतो."

जेलरनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि शिपायाला खूण केली.

शिवशरण गजांपलीकडं आला. आधी त्याला जगदेवी दिसली, मग अण्णा. आणि मग गजांना धरून उभा असलेला बाप. तो जागीच थांबला. छातीशी धरलेला डावा हात त्यानं झटकन पाठीमागं लपवला.

"म्होरं ये," शंकरप्पा म्हणाले.

तो आला.

"हात दाखीव."

शिवशरणनं जगदेवीकडं पाहिलं. शपथ मोडल्याचं तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. तिनं मान खाली घातली नाही. मग हळूहळू त्यानं तो रिकामा तळहात पुढं केला. त्याच्या मधोमध, लिंग बसतं त्या जागी, भस्माचा बोटभर ठिपका होता. रिकाम्या जागेला लावलेलं भस्म.

महांतप्पांनी गजांतून हात घालून लिंग त्याच्या तळहातावर ठेवलं. शिवशरणची बोटं आपोआप मिटली, तान्ह्या लेकराची मिटतात तशी.

"पूजा कर," शंकरप्पा म्हणाले. "म्या हितं बसतो."

ते खरोखरच खाली बसले, जेलाच्या दगडी जमिनीवर, गुडघ्यांना हातानं मुडपत. जगदेवीनं तांब्या गजांतून आत सरकवला, घरून आणलेला, आणि पदराच्या टोकातली पानं दिली. आजची पानं तिनं दोनदा निवडली होती. शिवशरणनं भस्म लावलं, पाण्याची बारीक धार धरली, बेल वाहिला. डोळे मिटले. ओठ हलत राहिले. शिपाई टोपी काढून भिंतीला टेकून उभा राहिला.

पूजा झाली. तळहाताच्या ओंजळीत लिंगावरून ओघळलेलं पाणी साचलं होतं. ते तीर्थ आधी पूजा करणारानं घ्यायचं असतं. शिवशरणनं हात ओठांकडं नेला.

"थांब."

शंकरप्पांनी आपला उजवा हात गजांतून आत घातला होता. पंजा वर करून, बोटं जुळवून.

"आप्पा," शिवशरणचा आवाज फुटला, "माझ्या हातचं..."

"दे म्हणलं न्हवं?"

शिवशरणनं हात कलता केला. दोन थेंब बापाच्या पंजात पडले, एक गजावर सांडला. शंकरप्पांनी ते तीर्थ पिऊन घेतलं, आणि ओला राहिलेला हात डोळ्यांना लावला. मग तोच हात पुन्हा आत घालून, मुलाच्या वाढलेल्या दाढीवरून एकदा फिरवला.

महांतप्पांनी तोंड फिरवलं. जगदेवी गजावर सांडलेल्या थेंबाकडं बघत राहिली. तो लोखंडावरून हळूहळू खाली उतरत होता.

जैनोद्दीन वकील इतका वेळ दूर उभे होते. आता ते खाकरून पुढं आले. हातात वकालतनामा होता. "शिवशरण, सही पाहिजे. आजच दाखल करायचंय. आता तरी बोलशील ना कोर्टात?"

"बोलंन, वकीलसाब. जे खरं हाय तेच बोलंन."

शिपायानं टाक दिला. शिवशरणनं तो उजव्या हातात घेतला, कागद गजाच्या आडव्या पट्टीवर टेकवला. कागद सरकला. पुन्हा टेकवला, पुन्हा सरकला.

"डाव्या हातानं दाबून धर की," वकील म्हणाले.

शिवशरणनं डाव्या मुठीकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जगदेवीचा नवरा दिसला.

"त्यो हात रिकामा न्हाय, वकीलसाब," तो म्हणाला. "कागद तुमी धरा."

वकिलांनी दोन्ही हातांनी कागद धरला.